उसातली भीती

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला उसाचा फड नवा नाही. रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्याला पानांची सळसळ आणि पायाशी सरपटणारं जनावर, दोन्ही ठाऊक असतं. विशाल फुरिया यांच्या २०१७च्या ‘लपाछपी’ या सिनेमानं भीती नेमकी तिथंच पेरली: गरोदर बाई, एकाकी घर आणि चहूबाजूंनी ऊस. २०२१मध्ये त्याचाच हिंदीत ‘छोरी’ झाला.

असा सिनेमा काहींना हवासा का वाटतो? छाती धडधडते, घाम फुटतो, पण आपण खुर्चीत सुखरूप आहोत हे मनाला पक्कं माहीत असतं. दिवे लागल्यावरची ती सुटका त्यांना आवडते. काहींची मात्र ही खात्री टिकत नाही. पडद्यावरचं दुःख ते अंगावर घेतात, रात्रभर झोप लागत नाही. ‘लपाछपी’च्या मुळाशी तर जन्मलेल्या मुलींची हत्या आहे. मुलगी झाली म्हणून जिनं घरात छळ सोसला, तिला हा सिनेमा पाहवला नाही तर तिला भित्री म्हणणं मला क्रूर वाटतं.

तेव्हा वाचकहो, कोणाला हट्टानं ओढून नेऊ नका. ज्यांना पाहवतो, त्यांनी मात्र ‘लपाछपी’ जरूर पाहावा.