दाताला दहा हजार? कुत्रं चावल्यावर भरपाईचं खरं काय

हरभऱ्याच्या शेतीशाळेत घाटेअळी आणि कामगंध सापळ्याची माहिती सांगून झाली, कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तर मागे बसलेल्या एका शेतकऱ्याने पायजमा वर करून पोटरी दाखवली. "साहेब, हे चार दात मोजा. आता दाताला दहा हजार मिळतात म्हणे. अर्ज कुठं करायचा?" सगळे हसले. पण माणूस चेष्टेत विचारत नव्हता. त्याचे पंधरा दिवस बुडाले होते, आणि कांदा लागणीचे दिवस होते.

शेतकरी बांधवहो, या 'दाताला दहा हजार'ची बातमी खोटी नाही, पण ती आपल्याकडची नाही. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोकाट जनावरांमुळे होणाऱ्या इजेबाबत निकाल दिला. कुत्र्याच्या चाव्यात दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २० हजार रुपये, असा हिशेब त्यात आहे. अर्ज घ्यायला जिल्हा पातळीवर समित्या नेमायच्या, कागदपत्रे आल्यापासून चार महिन्यांत निकाल द्यायचा आणि पैसे आधी सरकारने भरायचे, असेही त्यात आहे. मात्र हा हुकूम पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता. केरळातही सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती अशाच दाव्यांसाठी नेमली होती. तुमचा वकील या निकालांचा दाखला आपल्या कोर्टात देऊ शकतो, पण तो दर तहसील कार्यालयात जाऊन मागता येत नाही.

दुसरा गोंधळ दिल्लीच्या बातम्यांनी झाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असे सांगितले. लगेच २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून आणली तिथे सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी मात्र सोडायची नाहीत. विषय सगळ्या राज्यांना लागू केला. ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, एसटी स्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतली कुत्री हटवून तिथे परत सोडू नका असा आदेश झाला. जानेवारी २०२६ च्या सुनावणीत न्यायमूर्तींनी, चाव्याबद्दल राज्यांवर जबर भरपाई बसवू, असेही बोलून दाखवले. सुनावणीत बोलणे म्हणजे हुकूम नव्हे, एवढे ध्यानात ठेवा. सरपंच आणि ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) यातून घ्यायची गोष्ट अशी, की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात पोराला कुत्रं चावलं तर आता 'आमचा काय संबंध' म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

आपल्याला हे सगळं विशेष लागतं, कारण बिबट्याची सवय. बिबट्याने शेळी नेली तर वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पैसे मिळतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसाला २५ लाखांपर्यंत मदत आहे. वाघ, अस्वल, लांडगा, तरस, रानडुक्कर हे त्या यादीत आहेत. गावातलं कुत्रं नाही. त्याच गोठ्यात त्याच रात्री भटक्या कुत्र्यांच्या टोळीने चार करडं फाडली तर वन विभाग हात वर करतो, आणि नियमाने त्यांचंही बरोबर आहे. पण मेंढपाळाला त्याची करडं कुणी मारली यानं काय फरक पडतो? माझ्या मते राज्य सरकारने हा फरक काढायला हवा. सन २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीवर भटकी कुत्री मोजली गेली. २०२४ मध्ये चाव्यांच्या नोंदी ३७ लाखांवर गेल्या. हा प्रश्न एका शेळीचा राहिलेला नाही. तोवर शेळी-म्हशीचा विमा असेल तर कानातला बिल्ला आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल जपून ठेवा. बिल्ला पडला होता म्हणून दावा गेल्याची उदाहरणं आमच्या तालुक्यातही आहेत.

आता माणसाला चावलं तर काय करायचं. आधी पाहायचं, कुत्रं कुणाचं आहे. वस्तीवर, पोल्ट्रीवर, द्राक्षबागेवर राखणीला पाळलेलं असेल तर वाट बरीच मोकळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दखलपात्र गुन्हा असल्याने पोलिसांना तो नोंदवता येतो. 'कोर्टातून आणा' असं सांगून परत पाठवलं तर पटवून घेऊ नका. शिक्षा झाली तर जखमीला नुकसानभरपाई द्यायचा हुकूम करण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयालाही आहे. खरी भरपाई मात्र दिवाणी दाव्यात ठरते.

तिथे मुख्य प्रश्न एकच विचारला जातो. हे कुत्रं अंगावर येतं हे मालकाला आधीपासून माहीत होतं का, आणि असून त्याने मोकळं सोडलं का? इथेच आपल्या लोकांचं अडतं. अख्ख्या गावाला माहीत असतं की अमक्याचं कुत्रं सायकलमागे लागतं, दोन जणांना चावलेलं आहे, पण कागदावर एक ओळ नसते. म्हणून पहिल्याच वेळी, चावा किरकोळ असला तरी, ग्रामपंचायतीत दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोलीस पाटलांनीही अशी तक्रार आपल्या वहीत उतरवावी. पुढे कुणाच्या लेकराला चावलं तर तीच ओळ उपयोगी पडते.

भटकं कुत्रं असेल तर काम अवघड आहे, हे सरळ सांगतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून घेणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. पण तिने ती टाळली आणि त्यामुळे इजा झाली हे दाखवावं लागतं. त्यासाठी आधीचे अर्ज, ग्रामसभेतला ठराव, त्यावर काही न झाल्याचा पुरावा हवा. दावा दिवाणी न्यायालयात किंवा रिट अर्ज उच्च न्यायालयात. सरकारविरुद्ध दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस लागते. म्हणून वकिलाकडे जखम भरल्यावर नको, पहिल्या महिन्यातच जा. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायाबापड्या, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चावा घेतलेल्यांत शेतमजूर बाया आणि पोरंही असतात, त्यांना ही सोय आहे आणि तिचा पत्ताच नाही.

पण भरपाईच्या आधी जीव. जखमेवर चुना, मिरची, हळद, तंबाखू काही लावायचं नाही. नळाखाली किंवा मोटारीच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. लस तिथे मोफत आहे. कातडीतली लस पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशी. रक्त आलेल्या जखमेत वेगळी प्रतिबंधक औषधाची सुई द्यावी लागते. ती केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तिथे जायचा कंटाळा करू नका. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल.

आणि इथेच दाव्याचा पाया पडतो. केसपेपरवर 'कुत्रा चावला' एवढंच न लिहिता कुठे, किती वाजता, कुणाचं कुत्रं, जखमेची लांबी किती हे डॉक्टरांना लिहायला सांगा. जखम धुतल्यावर आणि टाके पडल्यावर असे दोन फोटो काढा, शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. लस फुकट मिळाली म्हणजे खर्च शून्य, असं नाही. बुडालेली मजुरी, बदली माणसाचा रोज, गाडीभाडं, बाहेरून आणलेलं औषध, सगळं वहीत तारखेनं लिहा. आमच्या एका वस्तीवर ऊसतोड कामगाराच्या सहा वर्षांच्या मुलीच्या गालाला राखणीचं कुत्रं चावलं. मालकाने त्याच संध्याकाळी पाचशे रुपये देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. टोळी हलली, मुलीच्या गालावर व्रण राहिला, आणि त्या अंगठ्यामुळे पुढे कुणी हात घालेना.

गावात मिटवू नका असं मी म्हणत नाही. मालक शेजारी असतो, उद्या त्याच्याच विहिरीचं पाणी घ्यायचं असतं. पण तडजोड लसीचे सगळे डोस पुरे झाल्यावर, कुत्र्याचे दहा दिवस पाहून, रक्कम अक्षरी लिहून आणि दोन पंचांसमोर करा. लोकअदालतीत केली तर तिला हुकूमनाम्याची किंमत येते.

एक आणखी. भाकरीत कीटकनाशक कालवून टाकणारे महाभाग दर गावात एखादा तरी असतो. जनावराला असं मारणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि फिर्यादीचा आरोपी होतो. शिवाय ती भाकरी कुत्रं खाईल की शेजाऱ्याची कालवड, हे टाकणाऱ्याच्या हातात नसतं.

पोटरी दाखवणाऱ्या त्या शेतकऱ्याचा तिसरा डोस चुकला होता. त्याला दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात पाठवलं, आणि अर्ज शेतीशाळेतच माझ्या वहीच्या पानावर लिहून दिला.