वायरलेस ऐकतो, मग बोलत का नाही?

वेसावे, मढ, मनोरी, गोराई. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांचा हा पश्चिम किनारा आजही मासेमारीवर जगतो. पूर्वी इथल्या यांत्रिक बोटींवर बॅटरीचं काम मोजकंच असे: इंजिन सुरू करायचं आणि चार दिवे लावायचे. आता तिच्यावर व्हीएचएफ वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर आणि खलाशांच्या मोबाइलचे चार्जरही चालतात. यंत्रं वाढली, पण तारा बऱ्याचदा जुन्याच राहिल्या. नवं यंत्र आलं की जुन्या तारेला पीळ देऊन जोडायचं आणि वर टेप गुंडाळायची, ही सवय सर्रास दिसते.

ही सवय जिवावर बेतू शकते.

व्हीएचएफ संच नुसता ऐकत असतो तेव्हा त्याला एक अँपिअरही वीज लागत नाही. बोलण्यासाठी बटण दाबलं आणि संच पूर्ण २५ वॉट ताकदीने प्रक्षेपण करू लागला, की तोच पाच-सहा अँपिअर ओढतो. तार बारीक असेल किंवा जोड गंजलेला असेल, तर व्होल्टेज नेमकं त्या क्षणी कोसळतं. दिवसभर शेजारच्या बोटींचं बोलणं ऐकवणारा संच, तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागताच बंद पडतो. एरवी हा दोष जाणवतही नाही.

हिशेब सोपा आहे. बॅटरीपासून केबिनपर्यंत १० मीटर अंतर धरलं, तर जाऊन-येऊन तार २० मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सहा अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच जातात. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धाच व्होल्ट. त्यात एखाद्या हिरव्या पडलेल्या जोडाने ०.२ ओहम रोध वाढवला, तर आणखी १.२ व्होल्ट गेले. म्हणजे बॅटरीवर १२.४ व्होल्ट असताना बारीक तारेच्या टोकाला संचाला मिळतात जेमतेम ९.८. बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात. इतक्या कमी व्होल्टेजवर त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. दिशादर्शक दिवे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं यांच्या तारांत तीन टक्क्यांहून जास्त घट नको, असा दंडक परदेशी नौका-मानकांत आहे. १२ व्होल्टला ती घट होते फक्त ०.३६ व्होल्ट.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो आणि हजारो रुपये घालून नवी आणली जाते. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मल्टिमीटरही फसवतो, कारण यंत्र बंद असताना तारेतून प्रवाह वाहत नाही आणि गंजलेल्या जोडापलीकडेही पूर्ण १२.६ दिसतात. म्हणून मोजायचं ते भार चालू असताना. आधी बॅटरीच्या खांबांवर. तिथेच आकडा घसरला, तर बॅटरी थकलेली किंवा उतरलेली. तिथे ठीक असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरी यंत्राच्या धन टोकावर ठेवावी. जो आकडा दिसेल तेवढं व्होल्टेज वाटेत हरवतंय. हेच ऋण बाजूलाही करायचं, आणि ही बाजू हमखास विसरली जाते. मग स्विच, फ्यूज, जोड असे एकेक टप्पे तपासत गेलं की चोर सापडतो. खाऱ्या हवेतला ओलावा तारेच्या धाग्यांतून रबराखाली आत चढतो, त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी तारही आत काळी पडलेली असते. लखलखीत तांबं दिसेपर्यंत ती कापावी, कल्हई केलेली तार वापरावी, टोकाला लग दाबून बसवावा आणि वर हीट-श्रिंक नळी चढवावी. बॅटरीचे खांब घासून, घट्ट आवळून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरमध्ये मासेमारी बोटींसाठी एक लाख ट्रान्सपाँडरच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ केला. सुमारे ३६० कोटींची ही योजना अत्यंत गरजेची आहे. पण समुद्रात अडकलेल्या माणसाचा वायरलेसही तितकाच खात्रीने चालायला हवा, आणि त्यासाठी लागणारा खर्च एका मल्टिमीटरचा व काही मीटर तारेचा आहे.

वेळही हाताशी आहे. दरवर्षी १ जूनपासून मासेमारीबंदी लागते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वेसाव्यातच आहे. मुलुंड, बोरिवलीच्या आयटीआयमध्ये मुलं वीजतंत्रीचं शिक्षण घेतात. मत्स्यव्यवसाय विभागाने या सगळ्यांना मच्छिमार सहकारी संस्थांशी जोडून बंदीच्या काळात बंदरोबंदरी तपासणी शिबिरं घ्यावीत. प्रत्येक बोटीचा वायरलेस बटण दाबलेल्या स्थितीत मोजावा आणि तो आकडा बोटीच्या कागदपत्रांत नोंदवावा. तोवर तांडेलांनी वाट पाहू नये: नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात लोटण्याआधी हे मोजमाप स्वतः करून घ्यावं.