धुराचा वास आणि वास नसलेले विष

‘गाडी म्हटली की धूर येणारच, ताई!’ वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की रिक्षा-टेम्पो चालवणारे आपले बांधव हे हमखास ऐकवतात. डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात म्हणून ते गोळी मागायला आलेले असतात. गोळी देण्याआधी आम्ही आता विचारतो, ‘गाडीच्या धुराला वास कसला येतो?’

आम्ही मेकॅनिक नाही, परिचारिका आहोत. पण मधुमेह फार बळावला की रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येतो, हे आम्ही वॉर्डात शिकलो. गाडीचेही तसेच आहे. कच्च्या पेट्रोलचा वास आणि काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. एअर फिल्टर, प्लग तपासा. निळसर धूर आणि करपट वास म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि वास गोडसर असेल, तर कूलंट इंजिनात शिरते आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंधनाचे मिश्रण तपासून घ्या.

सीएनजी गाडीत मात्र सावध राहा. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. इंजिन बंद असताना असा वास आला तर गाडी सुरू करू नका, काडी ओढू नका. माणसे उतरवा, व्हॉल्व्ह बंद करा.

सर्वांत घातक कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही तेव्हा फसते, आकडा चांगलाच दाखवते. म्हणून लक्षणे ओळखा : गाडीत बसल्यावर डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना असे झाले तर शंका घ्याच. माणूस गुंगीत असेल तर त्याला लगेच बाहेर काढा, १०८ला फोन करा. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे किंवा शटर ओढून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे जिवावर बेतते.

यात गरिबाचा दोष किती? गाडी मालकाची, भाडे रोजचे. दुरुस्ती ‘पुढच्या महिन्यात’ आणि धूर मात्र आज चालकाच्या छातीत. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. तरीही गाडी न नेता पीयूसीचा कागद मिळवणे ही आपल्याकडे हुशारी समजली जाते. तो कागद खिशात राहतो, फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पीयूसी गाडी उभी करूनच करून घ्या. वास बदलला की मालकाला चार जणांसमोर सांगा, रिक्षा संघटनेच्या बैठकीत विषय काढा. आणि मातांनो, मुलांना आणायला जाल तेव्हा शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मिनिटे स्वतः बसून पाहा. मूल रोज घरी येऊन ‘डोके दुखते’ म्हणत असेल, तर तो अभ्यासाचा कंटाळाच असेल असे धरून चालू नका.