आधी नळ, मग कमान

विद्यापीठात विज्ञानाची नवी इमारत उठणार असे ठरले, की आपल्याकडे सर्वांत आधी तयार होते ते चित्र. चित्रात कारंजे असते, काचेची उंच भिंत असते, पायऱ्यांवर हसतमुख विद्यार्थी असतात. एक गोष्ट मात्र त्या चित्रात कधी नसते, ती म्हणजे आम्लाची वाफ. ती कोणत्या खोलीत निघेल, कोणत्या वाटेने वर जाईल, आणि छपरावरून बाहेर पडल्यावर शेजारच्या खिडकीतून पुन्हा आत तर येणार नाही ना, हे विचारणाऱ्याला त्या बैठकीचे बोलावणेच नसते. कुलगुरू असतात, वास्तुशिल्पी असतो, देणगीदार असतो. नळ जोडणारा नसतो, आणि ज्याला त्या खोलीत रोज आठ तास उभे राहायचे आहे तोही नसतो.

मॅट्रिक झालेल्या मास्तराने ह्यात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. ज्या शाळेत मी शिकवतो तिथल्या प्रयोगशाळेत मोरी एका टोकाला आहे आणि आम्लाच्या बाटल्यांचे कपाट दुसऱ्या टोकाला. हातावर थेंब पडलेले पोर बाकांमधून वाट काढत पाण्यापर्यंत पोहोचते, तेवढ्या वेळात नकाशा म्हणजे काय ते मास्तरालाही कळते.

पण माझी शाळा राहू द्या. थोरामोठ्यांचे पाहा. लुई कान हा अमेरिकेतला केवढा मोठा वास्तुशिल्पी! फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी त्याने रिचर्ड्स प्रयोगशाळा बांधली, ती १९६० मध्ये उभी राहिली. माणसांच्या जागा वेगळ्या आणि जिने, नळ व दूषित हवा ह्यांच्या जागा वेगळ्या, म्हणून त्याने विटांचे स्वतंत्र मनोरे काढले. कल्पना खरोखरच डोकेबाज होती. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ह्या एकाच इमारतीचे प्रदर्शन भरवले. आत काय चालले होते? कोपऱ्यांतल्या मोठ्या खिडक्यांतून ऊन डोळ्यांवर येई, म्हणून शास्त्रज्ञ काचांवर कागद आणि चंदेरी वर्ख चिकटवीत होते. उघड्या छतातल्या नळ्यांवर धूळ साचत होती. एकत्र काम करावे म्हणून मोकळ्या ठेवलेल्या दालनांत मंडळी आडोसे उभे करीत होती. बाहेर कौतुक, आत वर्ख!

कानचा मोठेपणा असा, की तो ह्यातून शिकला. पोलिओच्या लशीचे डॉक्टर जोनास साल्क ह्यांच्यासाठी त्याने कॅलिफोर्नियात ला होया येथे संस्था बांधली, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर फक्त नळ्यांसाठी एक पूर्ण मजला दिला. माणूस ताठ उभा राहून दुरुस्ती करील एवढा उंच, सुमारे ९ फुटांचा. खाली प्रयोग चालू राहतो, वर नळकाम होते. ती वास्तू आजही सुंदर म्हणून पाहायला लोक जातात. सौंदर्य आणि नळ ह्यांचे हाडवैर नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण आमच्यासारख्यांवर रुक्षपणाचा आरोप लगेच येतो.

ह्याच्या उलट टोकाची गोष्ट बॉस्टनशेजारच्या केंब्रिजची. तिथल्या एमआयटीने १९४३ मध्ये रडारच्या संशोधनासाठी लाकडाची एक तीन मजली बराक घाईघाईने ठोकली. नाव नाही, नुसता क्रमांक, २०. युद्ध संपले की पाडायची होती, ती १९९८ पर्यंत टिकली. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गारठा. पण भिंत नको असेल तर पाडा, तार हवी असेल तर भोक पाडा, विचारणारे कोणी नाही. झकारायस नावाच्या शास्त्रज्ञाला आण्विक घड्याळासाठी उंची हवी होती, त्याने वरचे दोन मजले फोडून घेतले. चॉम्स्कींचे भाषाशास्त्र तिथेच वाढले आणि अमर बोसांचे ध्वनिशास्त्रही. पुढे त्याच जागेवर फ्रँक गेरींची वाकडीतिकडी, नामांकित स्टाटा इमारत २००४ मध्ये झाली. गळती व भेगा ह्यांवरून २००७ मध्ये संस्थेला आपल्याच वास्तुशिल्प्यावर दावा लावावा लागला. तो पुढे आपसात मिटला. असो.

"मग काय आम्ही फळ्यांच्या बराकी बांधाव्या? भाभांनी तर चित्रे विकत घेतली, बागा केल्या!" खरे आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वास्तू देखणी आहेच. पण क्रम लक्षात घ्या. संस्था १९४५ मध्ये सुरू झाली. पेडर रोडवरचा बंगला, जुना यॉट क्लब असे तिचे संसार मांडून झाले. टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. आणि नव्या वास्तूचे उद्घाटन झाले जानेवारी १९६२ मध्ये. काम आधी वाढले, घर मग बांधले. आपण घर बांधतो, आणि मग त्यात ठेवायला काम शोधत हिंडतो.

आणि अडचणीची जागा मिळाली तरी नीट बांधता येते. मुंबईचे चार्ल्स कोरिया ह्यांच्या आराखड्याने त्याच एमआयटीत मेंदूच्या अभ्यासाची इमारत २००५ मध्ये झाली. तिच्या पोटातून मालगाडीचा रूळ जातो. गाडीच्या हादऱ्याचा हिशेब तिथे नकाशातच करावा लागला. आपल्याकडे हादरा, धूर, सिलिंडर ह्यांचा हिशेब उद्घाटनानंतर शिपाई करतो.

डिसेंबर २०१८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रयोगशाळेत स्फोट झाला, एक तरुण संशोधक जागच्या जागी गेला, तिघे जखमी झाले. त्या प्रसंगाचा न्याय करणारा मी कोण? पण वायूचे सिलिंडर इमारतीबाहेर, स्वतःच्या जाळीबंद खोलीत, दारे बाहेर उघडणारी, आणि आत फक्त नळी, ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. ती नकाशावर काढायला कारंज्याइतकाही खर्च येत नाही. तरी आपल्या कित्येक महाविद्यालयांत सिलिंडर व्हरांड्यात साखळीविना उभे असतात, आणि जिन्याखाली जुन्या खुर्च्यांचा ढीग असतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पहिल्या बैठकीत दर्शनी चित्र नको, छपराचा नकाशा आणा. पंखे कुठे, धुराडी कुठे, वारा कुठून, ते दाखवा. वीस वर्षांनी नळी बदलणारा माणूस कुठे उभा राहील, ते दाखवा. बैठकीला प्रयोगशाळेतला परिचर बोलवा आणि त्याला खुर्ची द्या. आणि फीत कापण्याच्या आदल्या दिवशी, पाहुणे यायच्या आत, प्रत्येक धूर-कपाटापुढे थोडा धूर सोडून पाहा. तो आत ओढला जातो की खोलीत पसरतो, ते त्या परिचराला विचारा. त्याची सही घ्या, मगच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्या.