आमच्या नावाने कांदा अडवू नका

कांद्याची निर्यात अडवताना दिल्लीतून दरवेळी एकच कारण पुढे येतं : शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे. हा शहरातला ग्राहक म्हणजे आपण. ठाण्यात जांभळी नाक्यावर, डोंबिवलीत स्टेशनबाहेर, कल्याणला बाजार समितीच्या आसपास पिशवी घेऊन भाव विचारणारे आपण. निर्णय घेताना आपल्याला कुणी विचारत नाही, पण तो आपल्यासाठी घेतला असं सगळ्या देशाला सांगितलं जातं. म्हणून त्याच्याविरुद्ध बोलायचा पहिला हक्कही आपलाच आहे, आणि तो आपण आजवर वापरलेला नाही.

८ डिसेंबर २०२३ आठवा. त्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. वेळ कोणती, तर लाल कांदा शेतातून निघायची. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थोडा थांबू शकतो. लाल कांद्याला ती सोय नाही. पात कापली, गोणी भरली की तो बाजारात न्यावाच लागतो. ठेवला तर मोड येतात, पाणी सुटतं. असा माल ट्रॅक्टरवर चढवून माणूस लिलावाला निघाला आणि वाटेत कळलं की परदेशचा बाजार बंद. काही दिवसांत नाशिक पट्ट्यातले भाव निम्म्यावर आले. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखला. तोच रस्ता कसारा घाट उतरून, शहापूर-भिवंडी करत आपल्या ठाण्यात येतो.

त्याच दिवसांत ढाक्यात कांद्याचे भाव जवळजवळ दुप्पट झाले. तिथेही पिशवी घेऊन उभी असलेली बाई आपल्यासारखीच, तिचाही पगार तेवढाच राहिलेला. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ ही आपली जुनी गिऱ्हाइकं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये, पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना हाच फटका बसला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी जाहीर भाषणात हा विषय काढला. स्वयंपाक्याला कांदा न वापरायला सांगितलं आहे, असं त्या हसत म्हणाल्या. पण निदान आधी कळवत जा, ही मागणी गंभीर होती. पुढच्याच वर्षी पुन्हा एका दिवसात बंदी आली आणि सीमेवर ट्रक अडकून पडले. मग त्या देशांनी पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा मागवला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की परत येईलच असं नाही. नाशिकच्या, जुन्नरच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली ही पत आहे. ती वाचवायची आहे.

आपल्याला महागाई सोसत नाही हे खरंच आहे. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो. किलोमागे तीस रुपये वाढले तर दीडशे रुपये जातात. दीडशे रुपये मला जड नाहीत. दिवा इथल्या चाळीत राहून चार घरची कामं करणाऱ्या बाईला आहेत, भजीची गाडी लावणाऱ्यालाही आहेत. पण त्यांच्यासाठी रस्ता आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने साठ्यातला कांदा पंचवीस रुपये किलोने विकायला काढला होता. तो कांदा रेशन दुकानांतून, गरजेच्या वस्त्यांपर्यंत नीट पोचवा. दीडशे रुपयांचा भार सोसू शकणाऱ्या माझ्यासारख्याला स्वस्त कांदा मिळावा म्हणून शेतकऱ्याचं वर्षाचं पीक मातीमोल करायचं, याला न्याय म्हणत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई वजा जाता, एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला. तेव्हा त्याच्यासाठी एका रात्रीत कुठलाही आदेश निघाला नव्हता.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. त्याच महिन्यात, २० तारखेला, ठाणे, कल्याण, भिवंडी, नाशिक आणि दिंडोरी यांनी एकाच दिवशी मतदान केलं. नाशिक-दिंडोरीकडे कांद्याने निवडणूक हलवली. आपल्याकडे प्रचारात कांद्याचं नावही फारसं निघालं नाही.

१ एप्रिल २०२५ पासून ते शुल्क गेलं आहे. पण एका अधिसूचनेने सगळं बंद करण्याचा अधिकार जागच्या जागी आहे, आणि भाव चढले की तो पुन्हा वापरला जाईल. म्हणून भाव चढायच्या आत बोलूया. सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव मांडा : आमच्या नावाने निर्यातबंदी नको, बंधन घालायचंच असेल तर शेतकऱ्याला आणि शेजारी देशांना आधी मुदत द्या, गरिबाला कांदा रेशनवर द्या. महिला मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी, ग्राहक पंचायतीच्या संघांनी तो करावा आणि ठाणे, कल्याण, भिवंडीच्या खासदारांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावा, पोच घेऊन. त्याची एक प्रत लासलगाव आणि जुन्नरच्या बाजार समित्यांना पाठवा. शहरातून असं पत्र त्यांना आजवर क्वचितच गेलं असेल. आणि एप्रिल-मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करताना चार इमारतींनी मिळून शेतकऱ्याचा टेम्पो थेट दारात बोलवा, आणि त्याच्याशी भावावरून घासाघीस करू नका.