अण्णांची हाक आणि सुराचा आकडा

ग्वाल्हेरच्या आठवणी म्हटलं की लष्कर, बाडा, गणेशोत्सव आणि गाणं हे येणारच. मी आज लिहितेय ते आमच्या गच्चीवरच्या तारेबद्दल, आणि एका छोट्या डबीबद्दल, जिच्यावरून आमच्या घरात चांगलीच वादावादी झाली.

अण्णा तारखात्यात होते. २०१३ च्या जुलैत सरकारी तारसेवा बंद झाली, पण अण्णांची बोटं काही थांबली नाहीत. हॅम रेडिओचं लायसन्स नोकरीत असतानाच काढलेलं. गच्चीवर वीसेक मीटर लांबीची तार, खाली खोलीत सेट, आणि रोज संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर मोर्स. गेली दोन वर्षं मात्र ते हिरमुसले होते. "हाक मारतो, पण कोणी उत्तरच देत नाही. आता आपलं काय काम तिथे!" वय ८२. आम्हीही 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. चूक इथेच झाली.

माझ्या मुलाने एक काउंटर बनवला. सेटचा आवाज त्यात सोडला की मोर्सची शिट्टी किती हर्ट्झची, ते पडद्यावर दिसतं. मी माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेली. मला रागच आला. सूर जुळवायला यंत्र कशाला? उद्या मोर्ससुद्धा तेच वाचेल! अण्णा म्हणाले, "मला अजून ऐकू येतं रे बाबा."

तरी जोडला. अण्णा समोरचं स्टेशन लावायचे, तेव्हा आकडा यायचा ४०० च्या आसपास. त्यांच्या सेटचा स्वतःचा सूर ७०० वर ठरवलेला. मोर्समध्ये समोरच्याची शिट्टी आपल्या सेटच्या सुराशी जुळली, तरच आपलं उत्तर बरोबर त्याच्या जागी पडतं. अण्णांचं उत्तर ३०० हर्ट्झ बाजूला पडत होतं. समोरच्याने ५०० चा फिल्टर लावला असेल, तर त्याला दोन्ही बाजूंना अडीचशेच ऐकू येणार. म्हणजे अण्णा रोज शेजारच्याच दाराची कडी वाजवत होते!

असं का व्हावं? अण्णा शिकले तारघरातल्या साउंडरवर. त्यात नुसती टकटक, सूर नव्हताच. कान तयार झाला तो लयीचा. त्यात वयामुळे खालचा सूर त्यांना जास्त स्वच्छ वाटायला लागला. तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की आवाज हेलकावे खातो, आणि जुळत आल्या की हेलकावे संथ होत थांबतात. गाणाऱ्याला हे आपोआप कळतं. पण ज्याला सुराची तालीमच मिळाली नाही, त्याने काय करायचं?

म्हणून माझं मत बदललं. हा काउंटर मोर्स वाचत नाही. अक्षरं अजूनही अण्णांचा कानच वाचतो. डबी फक्त सूर दाखवते. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी तानपुरा लावायला ट्यूनर वापरणाऱ्यांनाही नावं ठेवावीत.

मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डिट फक्त ६० मिलिसेकंदांचा. ६०० हर्ट्झच्या शिट्टीची तेवढ्यात ३६ आवर्तनंच होतात. सेकंदभर मोजणारा साधा काउंटर इथे कामाचा नाही, एकेका आवर्तनाला किती वेळ लागला ते मोजावं लागतं. आधी अरुंद फिल्टर हवा, नाहीतर खरखरसुद्धा मोजली जाते. आकडा बघायचा तो लांब 'डा'वर, कारण तो डिटच्या तिप्पट असतो. आकडा नाचायला लागला की सरळ कानाकडे वळावं.

आम्ही शेवटी काय केलं? अण्णांचा कान बदलायला गेलो नाही. सेटचाच सूर ४०० वर आणला, आणि काउंटर समोर ठेवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अण्णांनी हेडफोन काढून मला दिला आणि म्हणाले, "ऐक, माझंच नाव घेतोय."

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतली मोर्सची सक्ती गेली. आता मोर्सकडे येतात ते बहुतेक आवडीनेच. त्यांना आकड्याचा आधार लागला तर लागू दे. आणि घरातलं मोठं माणूस 'आता कोणी उत्तर देत नाही' म्हणालं, तर वयाला दोष देण्याआधी हाक कुठे पडतेय ते एकदा बघा. आम्ही दोन वर्षं उशिरा बघितलं.

तुमच्या घरी कोणी तारखात्यात होतं का? जरूर लिहा. अण्णांना वाचून दाखवीन.