जमीर गप्प का बसला?

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीहनंतर मी जकातीचा हिशेब करत बसलो होतो. बँकेतली शिल्लक, भिशीचे पैसे, बाजारातल्या आमच्या गाळ्याच्या भाड्यातून साठलेली रक्कम. अडीच टक्क्यांत रुपयाचीही चूक नको म्हणून दोनदा बेरीज केली. सुट्टीत आलेली भाची शेजारी बसली होती. ती मानसशास्त्र शिकते. तिने सहज विचारले, "मामू, गाळा नानांचा होता ना? मग भाड्यात अम्मीचा हिस्सा कुठाय?"

सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले. अम्मी आधीच गेल्या होत्या. मागे आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. हक्कसोडपत्रावर सही करायला आपाला मीच मोटारसायकलवरून घेऊन गेलो होतो. कारकुनाने विचारले, "राजीखुशीने ना?" आपाने आधी भाईजानकडे पाहिले, मग मान डोलावली. बाहेर चहा पिताना ती म्हणाली, "मेरे को कुच नको. मायके का दरवाजा खुला रखो, बस." आम्हाला केवढे बरे वाटले होते! त्या धावपळीत माझी असरची नमाज चुकली. तिची टोचणी मात्र मला रात्रभर लागली होती.

भाचीच्या प्रश्नानंतर मला त्या रात्रीचेच नवल वाटू लागले. माणूस तोच, मन तेच. चुकलेल्या नमाजेसाठी ते तळमळले आणि बहिणीच्या हिश्श्यासाठी साधे बोचलेही नाही. असे का व्हावे?

भाचीच्या पुस्तकांत याचे उत्तर आहे. सिग्मंड फ्रॉइडने 1923 साली 'पराहम्' ही कल्पना मांडली. आईवडिलांचे हुकूम आणि मनाई मूल आत साठवते आणि पुढे तोच आवाज त्याला आतून दटावत राहतो. लॉरेन्स कोलबर्गने नैतिक विचाराच्या पायऱ्या सांगितल्या. त्यातली एक पायरी अशी, की चार लोक ज्याला चांगले म्हणतील तेच आपल्याला योग्य वाटते. मला लहानपणापासून नमाजेवरून रागे भरले गेले. बहिणीच्या हिश्श्यावरून कुणी कधी रागे भरले नाही. आमच्या फुफूंनी अशीच सही केली होती आणि त्यांचे कौतुकच झाले होते. जिथे कुणी टोकलेच नाही, तिथे माझे मन मला टोकणार कसे?

इथे आपल्यातले काही तरुण अडखळतात. जमीर म्हणजे संस्कारच असेल तर त्यात अल्लाहने दिलेले असे काय उरले, असे त्यांना वाटते. मला हा पेच खरा वाटत नाही. बेरीज-वजाबाकी आपण मास्तरांकडून शिकलो, म्हणून दोन आणि दोन चार हे काही मास्तरांचे खासगी मत ठरत नाही. एखादी गोष्ट मनात कशी आली आणि ती खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शिवाय कुरआन मनाचे वर्णन भाबडेपणाने करत नाही. सूरह शम्स सांगते की बऱ्यावाईटाची जाणीव नफ्समध्येच घातलेली आहे. सूरह कियामामध्ये स्वतःला दोष देणाऱ्या नफ्सची, नफ्स-ए-लव्वामाची शपथ आहे. पण सूरह युसूफमध्ये वाईटाकडे ओढणारी नफ्सही आहे आणि सूरह मुतफ्फिफीनमध्ये माणसाच्या कमाईने त्याच्या हृदयावर चढणारा गंजही आहे. म्हणजे आतला आवाज दिलेला आहे आणि तो बधिरही होऊ शकतो. प्रेषितांनी वाबिसा या सहाबींना सांगितले होते, की लोकांनी काहीही फतवा दिला तरी आपल्या हृदयाला विचारावे. ही हदीस मला फार प्रिय आहे. पण त्या दिवशी मी हृदयाला विचारले असते, तर ते 'काही हरकत नाही' असेच म्हणाले असते. गंजलेल्या काट्याने तोललेले वजन बरोबर कसे येणार?

म्हणून मला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या आहेत. मन का गप्प बसले, ते मानसशास्त्र सांगते. मन गप्प बसले म्हणून माझी सुटका होत नाही, हे दीन सांगतो. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो कुणाला टोचते की नाही यावर ठेवलेला नाही. तो निम्मा असावा की समान, हा वाद जरूर व्हावा. आम्ही तर निम्माही दिला नव्हता.

मग बधिर मन जागे कशाने होते? स्टॅनले मिलग्रॅम यांनी 1961 साली येल विद्यापीठात प्रयोग सुरू केले. चुकीच्या उत्तराला समोरच्या माणसाला विजेचा झटका द्या, असे सहभागी लोकांना सांगितले जाई. झटके खोटे होते, पण त्यांना ते खरे वाटत होते. एका प्रयोगात 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले. दुसऱ्या एका प्रयोगात सोबतच्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी फक्त 4 उरले. माझ्या घरात तो नकार एका मुलीच्या साध्या प्रश्नातून आला.

खरे सांगतो, मला आधी तिचा रागच आला होता. "मोठ्यांच्या गोष्टीत पडू नकोस," असे मी म्हणूनही गेलो. मानसशास्त्रज्ञ शरम आणि अपराधाची जाणीव यांत फरक करतात. शरमेत माणूस तोंड लपवतो. अपराधाची जाणीव त्याला नुकसान भरून द्यायला लावते. आपल्या फिकहमध्येही हेच आहे. बंद्याचा हक्क मारला असेल तर नुसती तौबा पुरत नाही, हक्क परत करावा लागतो.

आम्ही दोन भाऊ, एक बहीण. आपाचा हिस्सा एक पंचमांश. भाडे महिना 10,000, म्हणजे तिचे 2,000. सहा वर्षांचे 1,44,000. त्यातले माझ्या वाटणीचे 72,000 घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने पैशांना हात लावायच्या आधी विचारले, "भाईजान को मालूम है?" भाईजानना माहीत आहे. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. घराचा हिशेबही बाकी आहे. पण आपा सही करून का गेली होती, ते मला त्या प्रश्नात कळले. तिची राजीखुशी म्हणजे माहेर तुटण्याची भीती होती.

नवव्या शतकात बगदादला हारिस नावाचे एक सूफी होते. रोज स्वतःची झडती घेण्यावर त्यांचा एवढा भर होता की लोक त्यांना मुहासिबी म्हणू लागले. आपणही झोपताना आज काय टोचले ते आठवतो. तरुण मित्रमैत्रिणींनो, त्याच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: कुणाचा तरी हक्क माझ्या हातात आहे आणि तरीही मला काहीच टोचत नाही, असे कुठे आहे? आणि घरात एखादी भाची असा प्रश्न विचारू लागली, तर तिला गप्प करू नका.